कणकुंबी ते असोगा: जुलैच्या पावसात तीन दिवस पक्ष्यांमागे

बेळगाव शहरात भुरभुर असते, त्याच सकाळी कणकुंबीत कोसळत असतं आणि गोकाकच्या बाजूला रस्त्यावर धूळ उडत असते. एकाच जिल्ह्यात, शहरापासून तास-दीड तासाच्या अंतरात. पावसाळ्यात इथं पक्षी बघायला बाहेर पडायचं तर आधी हे डोक्यात पक्कं हवं. घाटमाथ्यापासून पूर्वेला सरकत जावं तसा पाऊस झपाट्याने कमी होतो. म्हणून बेत जागांचा आखावा, वारांचा नाही. तीन जागा ठरवायच्या आणि कुठल्या दिवशी कुठं जायचं ते त्या पहाटे आभाळ बघून ठरवायचं. आमच्या चौघांच्या जागा होत्या बेळगुंदी-राकसकोपचं भातशिवार, कणकुंबीचा घाटमाथा आणि खानापूरजवळचा मलप्रभेचा काठ. जुलैचा तिसरा आठवडा होता.

माणसं चारच बरी. सहाच्या वर गेली की बांधावर रांग लांबते, पुढच्याला दिसलेला पक्षी मागचा पोहोचेपर्यंत उडालेला असतो.

पहिला दिवस: बेळगुंदी आणि राकसकोप

सकाळी साडेसहाला बेळगुंदीच्या शिवारात. या दिवसांत सूर्य सहाच्या सुमाराला उगवतो, पण ढगाळ हवेत रंग ओळखण्याइतका उजेड यायला आणखी वीसेक मिनिटं जातात. त्याआधी दुर्बीण लावून फक्त काळ्या आकृत्या दिसतात. तोवर कान वापरावेत. पावशा अजून ओरडत होता, जूनइतका सलग नाही. 'पेरते व्हा' म्हणणारा तो हाच, आणि इथं तर धूळवाफेची, म्हणजे कोरड्या मातीतली, पेरणी पहिल्या पावसाआधीच उरकलेली असते.

इकडच्या शिवारात जुलैत दोन तऱ्हेची शेतं शेजारी शेजारी दिसतात. धूळवाफेवर पेरलेलं भात गुडघ्याला लागलेलं असतं, दाट आणि हिरवं. त्यात पक्षी असले तरी दिसत नाहीत. रोप लावणीची शेतं मात्र चिखलणी करून उघडी पडलेली असतात, आणि सगळी गर्दी तिथं असते. पॉवर टिलरचा आवाज ऐकू येईल त्या दिशेला चालावं, हा साधा नियम. चिखल उलटला की त्यातले किडे, बेडूक, गांडुळं वर येतात. गायबगळे टिलरच्या मागं अगदी हाताच्या अंतरावर चालतात. या दिवसांत त्यांच्या डोक्यावर, मानेवर आणि पाठीवर नारिंगी रंग चढलेला असतो. हा विणीचा पेहराव, हिवाळ्यात तो पांढराशुभ्र असतो, म्हणून नवख्याला हा वेगळाच बगळा वाटतो. ढोकरी बांधावर मान आखडून बसते आणि उडाली की पांढरे पंख उघडतात. ज्या शेतात पाणी साचून दोन दिवस झालेत आणि गोगलगायी आहेत, तिथं उघड्या चोचीचा करकोचा. त्याच्या मिटलेल्या चोचीतही मधे फट राहते. ती दिसायला पक्षी बाजूने दिसला पाहिजे, समोरून कळत नाही. काळा शराटी मात्र पाणी नसलेल्या माळाच्या तुकड्यावर सापडला, लांब वाकडी चोच जमिनीत खुपसत.

बांधावरून चालताना एक पथ्य पाळायलाच हवं. जुलैत बांध नुकतेच चिखलाने लिंपलेले असतात. त्यावर बूट पडला की कड ढासळते, खेकड्याचं बीळ असेल तर तिथूनच फुटते आणि वरच्या खाचरातलं पाणी खाली वाहून जातं. रोपं कोरडी पडतात. म्हणून जुना, गवत उगवलेला बांध बघून चालावं, लिंपलेला ओलांडायचाच झाला तर एका ठिकाणी, एकाच पावलात. शेतात माणूस असेल तर आधी त्याला हाक मारावी. "काय बघालाय ओ?" हा प्रश्न येतोच. "पाखरं बघतोय मामा" म्हटलं की पुढची माहिती आपसूक मिळते: करकोचे कुठल्या खाचरात उतरतात, मोर कुठल्या कडेला येतात, सुगरणीचे खोपे कुठल्या विहिरीवर आहेत. दुर्बीण त्यांच्याही हातात द्यावी. शिवार त्यांचं आहे.

खोप्यांची विहीर अशीच कळली. काठावर शिंदी, झावळ्या पाण्यावर झुकलेल्या. खाली पाणी असलं की साप आणि मांजर दोन्ही अडतात. खोपे बहुतेक झाडाच्या पूर्वेच्या अंगाला होते. नैर्ऋत्येचा पाऊस-वारा पाठीमागून येतो आणि झाडच आडोसा होतं, असं यामागचं कारण मानलं जातं. वेगळ्या बाजूला लटकलेला एखादा खोपा असेल तर तो बहुधा तरुण नराचा. खोप्यांच्या दोन अवस्था दुर्बिणीशिवायही ओळखता येतात. अर्धा झालेला खोपा उलट्या शिरस्त्राणासारखा दिसतो, मधे आडवा पट्टा असतो. तिथवर यायला नराला आठेक दिवस लागतात आणि मादी तो बघून पसंत करते. पसंत झाला तरच खालची नळी विणली जाते, पूर्ण व्हायला सुमारे १८ दिवस. नळी नसलेले, वाळून तपकिरी पडलेले खोपे म्हणजे नापसंत झालेले. मोजणी करायची तर हिरवे अर्धे, हिरवे पूर्ण आणि तपकिरी असे तीन आकडे वेगळे लिहावेत. नुसतं 'खोपे ३०' लिहिण्यात काही अर्थ नाही. आम्ही पंचवीस-तीस पावलांवरून वीस मिनिटं बघितलं. याहून जवळ गेलं की नर गवताची पाती आणणं थांबवतात.

दहाच्या सुमाराला राकसकोप. मार्कंडेय नदीवरचा हा जलाशय बेळगावला पाणी पुरवतो. पक्षी बघायला निघालेले लोक आधी तिथं धावतात आणि निराश होतात. जुलैत पाणी वर चढत असतं, काठचा चिखल बुडालेला असतो, म्हणजे उथळ पाण्यात चरणाऱ्यांना जागा उरत नाही. बहुतेक बदकं हिवाळी पाहुणी, ती आता इथं नसतातच. पाणकावळे आणि एक घार, एवढंच. जलाशयापेक्षा वाटेवरच्या लहान, पानांनी झाकलेल्या तळ्यांत थांबावं. अशाच एका तळ्यात लांब शेपटीचा कमळपक्षी होता. ती लांब शेपटीही विणीच्या काळापुरतीच. या पक्ष्यात अंडी नर उबवतो आणि पिल्लंही तोच सांभाळतो. मादी दुसऱ्या नराकडे निघून जाते.

दुपारी अडीच तास सलग पाऊस. सलग पावसात चालू नये, पक्षीही हलत नाहीत. पण सर थांबल्यावरची पहिली वीस मिनिटं हुकवू नयेत. भिजलेले पक्षी उघड्या, वाळक्या फांद्यांवर येऊन पंख झटकतात, पिसं साफ करतात, आणि एरवी पानात लपणारे समोर येतात. त्यासाठी पाऊस चालू असतानाच एखाद्या निष्पर्ण फांदीसमोर आडोसा धरून बसावं. सर ओसरल्यावर गाडीतून उतरून चालत येईपर्यंत वेळ निघून जाते. अशाच वेळी तारेवर चातक आला, काळा-पांढरा, डोक्यावर शेंडी. तो आपली अंडी सातभाई आणि बुलबुलांच्या घरट्यांत घालतो. म्हणून सातभाईंचा गलका अचानक वाढला तर तिकडं नजर टाकावी.

दुसरा दिवस: जांबोटी, कणकुंबी, चिगुळेची वाट

पहाटे बेळगावात पाऊस थांबला होता, म्हणून घाटमाथा. शहरात कोरडं असलं की कणकुंबीत निदान मधेमधे उघडीप मिळण्याची आशा असते. शहरातच धो धो असेल तर तिकडं जाऊ नये.

गाडीतला एसी जांबोटीच्या आधीच बंद करून काचा उघडायच्या. थंड गाडीतून गार झालेली दुर्बीण बाहेरच्या दमट हवेत काढली की काचेवर बाहेरून बाष्प धरतं, पुसलं तरी परत धरतं. काच बाहेरच्या तापमानाला येईपर्यंत पंधरा-वीस मिनिटं फुकट जातात, आणि पहाटेची नेमकी तीच वेळ कामाची असते. दुर्बीण ८×४२ आणावी, म्हणजे आठपट मोठं दाखवणारी, ४२ मिलिमीटर व्यासाच्या भिंगाची. भिंगाचा व्यास भागिले मोठेपणा केलं की डोळ्यात येणाऱ्या प्रकाशाच्या झोताची रुंदी मिळते. ८×४२ मधे ती सव्वापाच मिलिमीटर, १०×४२ मधे ४.२. ढगाळ रानात हा फरक पक्ष्याच्या पोटाचा रंग दिसण्या-न दिसण्याचा असतो. शिवाय दहापटीत हाताचा कंपही जास्त दिसतो. नायट्रोजन भरलेली, पाणी न शिरणारी दुर्बीण नसेल तर ती घाटमाथ्यावर आणूच नये. आत बाष्प गेलं की काही आठवड्यांत भिंगावर बुरशी येते आणि ती घरी निघत नाही.

रेनकोटपेक्षा छत्री. रेनकोटच्या टोपीत कान झाकतात आणि थेंबांचा आवाज थेट कानावर वाजतो. पावसाळी रानात निम्म्याहून जास्त पक्षी कानानेच कळतात, तेव्हा कान झाकून चालणं परवडत नाही. काळी, मोठी, लाकडी दांड्याची छत्री खांद्यावर टेकवली की दोन्ही हात दुर्बिणीला मोकळे राहतात. वहीत पेन्सिलीने लिहावं, पेनाची शाई ओल्या कागदावर पसरते.

जांबोटीच्या पुढं गोव्याकडे जाणारा रस्ता वाहनांचा आहे, धुक्यात त्यावरून चालणं धोक्याचं. म्हणून कणकुंबीपर्यंत गाडीने येऊन चिगुळेच्या फाट्याला वळलो आणि तिथून पायी. धुकं इतकं की पन्नास पावलांपुढं झाड दिसत नव्हतं. अशा वेळी चालायची पद्धत अशी: शंभर पावलं चालायचं, पाच मिनिटं उभं राहायचं. चालताना आपल्याच बुटांचा आवाज सगळं झाकतो. ओढ्याजवळ थांबू नये, पाण्याच्या खळखळाटात बारीक आवाज बुडतात. ओढा ओलांडून वळणापलीकडं गेलं की कान मोकळे होतात. पानांवरून गळणाऱ्या थेंबांनी पानं हलतात, तेही नवख्याला पक्ष्यासारखं वाटतं. थेंबाने पान एकदाच वाकतं आणि परत वर येतं, पक्ष्याने फांदी हलते.

ओढ्याजवळ न थांबण्याला एक अपवाद, शीळकरी कस्तूर. तो ओढ्याचाच पक्षी. रस्त्याखालच्या मोऱ्या, दगडी कपारी, पडक्या भिंती, तिथं त्याचं घरटं. पावसाळ्यात अजून अंधार असतानाच त्याची शीळ सुरू होते, माणसाने रमतगमत, सूर शोधत वाजवावी तशी. पाण्याच्या आवाजावरही ती तरते. अंगाचा रंग काळा वाटतो, पण उजेडाचा तुकडा पडला की कपाळावर आणि खांद्यावर गडद निळं चमकतं. मोरीच्या तोंडाशी वाकून घरटं बघण्याचा मोह टाळावा. मोबाइलवर त्याची शीळ वाजवून बोलावणं तर अजिबात नको. विणीच्या दिवसांत नर घरटं सोडून त्या खोट्या प्रतिस्पर्ध्याला हुसकायला येतो आणि तेवढा वेळ पिल्लांचा घास चुकतो. हेच तिबोटी खंड्याचं. पहिल्या पावसाबरोबर तो घाटात येतो आणि ओढ्याकाठच्या मातीच्या दरडीत बोगदा खणून अंडी घालतो. कॅमेरे घेऊन त्या दरडीसमोर तासन्‌तास बसणाऱ्यांमुळे नर-मादी चोचीत सरडा-खेकडा धरून फांदीवर ताटकळत राहतात. आम्हाला तो एकदाच दिसला, जांभळ्या-नारिंगी रंगाची रेघ ओढ्यावरून सरकून गेली. तेवढं पुरे.

नऊच्या सुमाराला धुकं जरा वर उचललं आणि एकाच झाडात मिश्र थवा मिळाला: पुढं निखार, खोडावर उलटी चालणारी शिलिंद्री, मधल्या फांद्यांत सुभग, आणि सगळ्यांच्या मागं भृंगराज, शेपटीची दोन पिसं लोंबकळवत. थवा मिळाला की धावू नये. थवा कुठल्या बाजूला सरकतोय ते बघून त्याच्या पुढं पन्नास पावलं जाऊन उभं राहावं, तो आपल्या अंगावरून जातो. धनेशांचं हसणं दोनदा ऐकू आलं. मलबारी राखी धनेश हा. त्याच्या चोचीवर शिंगासारखा उंचवटा नसतो. महाधनेश असेल तर आधी पंखांचा घरघराट ऐकू येतो, मग पक्षी. या काळात दोघांनाही शोधायचं तर फळलेला उंबर किंवा नांदरूक शोधावा.

जळवा. रस्त्याच्या मधोमध कमी, पाचोळ्याच्या कडेला जास्त, उघड्या भातशेतात जवळपास नाहीत. पॅन्ट मोज्यात खोचायची, मोज्यांवर तंबाखूचं पाणी शिंपडायचं किंवा मिठाची पुरचुंडी ओली करून चोळायची. पावसाने ते धुतलं जातं, दर तासाने परत करावं लागतं. लागलेल्या जळवेवर मीठ टाकू नये, काडीही लावू नये, ती पोटातलं जखमेत ओकते. तिच्या निमुळत्या टोकाशी नख आडवं सरकवलं की तोंड सुटतं, मग जाडं टोक. रक्त बराच वेळ वाहतं, कारण तिच्या लाळेने ते गोठत नाही. घाबरण्यासारखं काही नसतं. स्वच्छ पाण्याने धुऊन फडकं दाबून धरावं.

अस्वल आणि गवे यांच्याबाबत मात्र गंभीर असावं. खानापूर तालुक्याच्या रानात दोन्ही आहेत. पावसाच्या आवाजात त्यांना आपली चाहूल लागत नाही, आणि जवळून दचकलेलं अस्वल हल्ला करतं. म्हणून पूर्ण उजाडल्याशिवाय रानकडेला पायी जाऊ नये आणि आंधळ्या वळणावर मुद्दाम मोठ्याने बोलावं, पक्षी उडाले तरी चालतील. भीमगड अभयारण्याच्या हद्दीत वन खात्याच्या परवानगीशिवाय शिरायचं नाही. पावसाळ्यात धबधब्यांकडे जायलाही वेळोवेळी बंदी घातली जाते, निघण्याआधी चौकशी करावी.

वरच्या जांभ्याच्या सड्यावर, म्हणजे उघड्या खडकाळ पठारावर, तासभर. काळा पडलेला दगड म्हणजे शेवाळ, त्यावर कुठलाही बूट टिकत नाही. गवताच्या पुंजक्यावर पाय टाकावा. मलबारी चंडोल पावसातही गात गात वर चढतो आणि त्याच जागी उतरतो, तिथं घरटं असण्याचा संभव असतो, म्हणून त्या तुकड्याला वळसा घालावा. चिगुळेच्या कड्यावरून गोव्याचं खोरं दिसतं म्हणतात, पण जुलैत तिथं नुसता पांढरा पडदा. कड्याची कडही त्यात दिसत नाही, तेव्हा पुढं जाऊच नये.

परतताना कणकुंबीला माउलीच्या देवळाशी थांबलो. मलप्रभा इथं उगम पावते आणि पूर्वेला कृष्णेकडे निघते. दक्षिणेला थोड्या अंतरावर, देगावच्या रानात म्हादई उगम पावते आणि पश्चिमेला गोव्यातून अरबी समुद्राला मिळते. एकाच ढगाचं पाणी दोन समुद्रांना वाटलं जातं ते या डोंगरात. दुपारी दोननंतर पाऊस असा लागला की पुसायचे वायपर कमी पडले. शेंगा चटणी आणि चपाती गाडीतच खाल्ली आणि परत फिरलो.

तिसरा दिवस: खानापूर आणि असोगा

रात्रभर घाटात पाऊस. अशा सकाळी नदीकाठी जाण्याआधी दोन खुणा विचाराव्यात. जांबोटीजवळ मलप्रभेकाठचं हब्बनहट्टीच्या मारुतीचं देऊळ पाण्यात गेलं का, आणि मणतुर्ग्याजवळचा हालत्री नाल्याचा पूल बुडाला का. हालत्रीवर पाणी आलं की हेमाडग्याकडची वाट तुटते. मारुती बुडाला असेल तर तेच पाणी पुढं खानापुराला येणार, म्हणजे काठाची खालची पायवाट विसरायची. कणकुंबीत उघडीप दिसली म्हणून नदी उतरली असं धरू नये. वरचं पाणी खाली यायला वेळ लागतो.

खानापूरहून असोगा चार-पाच किलोमीटर. रामलिंगाच्या देवळाजवळ नदी तांबडी, फुगलेली. आपण पाण्यापासून निदान तीस पावलं वर, पक्क्या जमिनीवर. काठाची ओली माती आतून पोखरलेली असते आणि वजन पडलं की सुटते.

पुराच्या नदीवर लहान खंड्या शोधून उपयोग नाही. गढूळ पाण्यात त्याला मासा दिसत नाही. तो बाजूच्या शांत ओढ्याला, विहिरीला, पाण्याने भरलेल्या खाणीला जातो, आणि तिथंच सापडला. पांढऱ्या छातीचा खंड्या मात्र शेतात, तारेवर. तो माशांवर अवलंबून नसतो, खेकडे, टोळ, सरडे त्याला चालतात. पुलाखाली तारवाली पाकोळ्यांची जोडी पाण्याला चिकटून उडत होती. कपाळ तांबूस, पोट पांढरं, शेपटीच्या दोन तारा मात्र पक्षी बसल्याशिवाय नीट दिसत नाहीत.

काठच्या आमराईत हळद्या, टकाचोर, आणि पायवाटेवर एक पाचू कवडा. त्याचा हुंकार जमिनीतून आल्यासारखा घुमतो, दिशा लागत नाही. डोकं हळूहळू दोन्हीकडं फिरवून कुठल्या बाजूला आवाज जास्त भरतो ते बघावं. जुन्या निलगिरीखाली किंवा वाळल्या फांदीखाली थांबू नये. भिजून जड झालेल्या फांद्या वारा नसतानाही मोडतात.

अकराला ऊन पडलं, तीन दिवसांत पहिल्यांदा. लगेच पंख फुटलेल्या वाळव्या जमिनीतून निघाल्या आणि कोतवाल, वेडे राघू, साळुंक्या, घारीसुद्धा त्यावर तुटून पडल्या. असं बघायला मिळालं की यादी थांबवून एकाच पक्ष्यावर नजर ठेवावी. कोतवाल दर वेळी त्याच तारेवर परत येतो, तर पाकोळ्या उडता उडताच टिपत राहतात.

एकला परत. घरी पोहोचल्यावर काम संपलेलं नसतं. दुर्बीण पिशवीत ठेवून झोपू नये. बाहेरून सुक्या सुती फडक्याने टिपावी, भिंगावरचे मातीचे कण आधी फुंकणीने उडवावेत, मग पुसावं, नाहीतर चरे पडतात. पंख्याखाली रात्रभर उघडी ठेवून मग सिलिका जेलच्या पुड्यांसह घट्ट डब्यात. पुड्यांतले मणी रंग बदलले की तव्यावर मंद आचेवर गरम केले की परत कामाला येतात. तांदळात ठेवायचा उपाय सोडून द्यावा, ओल जात नाही आणि कोंडा सांध्यांत शिरतो. बुटांत वर्तमानपत्राचे बोळे, दर तीन तासांनी बदलायचे, चुलीजवळ नाही. उष्णतेने तळ सुटतो. आणि मोजे उलटे करून झटकायचे ते अंगणात, घरात नाही. राहिलेली जळू तिथंच पडते.